विनोदी मालिकेचा तिसरा भाग

विनोदी लेखनाच्या पुढील भागांकडे टीकाकार नेहमींच थोड्या संशयानें पाहतो, आणि हा संशय बहुधा अस्थानीं नसतो. करुण कथा लांबली तरी वाचक तिच्यांत मुरत जातो; विनोद मात्र लांबला कीं ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या विनोदाला वाचक हंसत नाहीं, केवळ मान डोलावतो. पहिल्या भागांत ज्या लकबीनें खळखळून हंसविलें, तीच लकब तिसऱ्या भागांत दारांतून आंत येण्यापूर्वींच ओळखूं येते. म्हणून ज्या मालिकेचा तिसरा भाग पहिल्या दोहोंपेक्षां सरस उतरला आहे, ती मालिका तपासून पाहणें विनोदाच्या अभ्यासकास उपयोगाचें होईल, असें आम्हांस वाटतें. ही मालिका पुस्तकांची नाहीं, व्हिडिओ गेमची आहे. एवढ्याच कारणावरून तिला या पृष्ठांवर स्थान मिळूं नये असें म्हणणारे वाचक असतील, तर त्यांस आमची विनंती एवढीच कीं, येथें प्रश्न साधनाचा नसून विनोदाचा आहे, आणि तो नाटकाला, कादंबरीला व या खेळाला सारखाच लागू पडतो.

'पेनी आर्केड ॲडव्हेंचर्स : ऑन द रेन-स्लिक प्रेसिपिस ऑफ डार्कनेस' असें या मालिकेचें लांबलचक नांव आहे. 'अंधाराच्या, पावसानें निसरड्या झालेल्या कड्यावर' असा त्याचा सरळ अर्थ होईल, आणि नांवांतील ही भारदस्त व ओलसर भाषा हाच मालिकेंतील पहिला विनोद होय. जेरी होल्किन्स हे लेखक व माइक क्राहुलिक हे चित्रकार, या दोन अमेरिकनांनीं १९९८ सालीं इंटरनेटवर 'पेनी आर्केड' नांवाची चित्रकथा सुरू केली. व्हिडिओ गेम व ते खेळणारे लोक यांची थट्टा हा तिचा मुख्य विषय. तिच्यांतील टायको आणि गेब हीं दोन पात्रें घेऊन कॅनडांतील हॉटहेड गेम्स या कंपनीनें २००८ सालीं या मालिकेचे पहिले दोन भाग काढले. पहिला मे महिन्यांत व दुसरा ऑक्टोबरांत. तिसरा भाग येण्यास मात्र जून २०१२ उजाडला, आणि तो काढला झीबॉइड गेम्स या निराळ्याच मंडळींनीं. त्यानंतर एका वर्षानें, जून २०१३ मध्यें, चौथा भाग येऊन मालिका संपली. आतां ती पूर्ण स्वरूपांत पुढें असल्यामुळें तिसऱ्या भागाचें माप निश्चितपणें घेतां येतें.

'रोल-प्लेइंग गेम' या जातीच्या खेळांत खेळणारा कांहीं पात्रांची भूमिका पत्करतो, त्यांना घेऊन एका कल्पित जगांत हिंडतो, लोकांशीं बोलतो, शत्रूंशीं लढतो, आणि प्रत्येक लढाईंत मिळालेल्या अनुभवानें आपलीं पात्रें बळकट करीत कथेच्या शेवटापर्यंत जातो. प्रस्तुत मालिकेंतील जग म्हणजे १९२२ सालचें न्यू आर्केडिया हें कल्पित शहर. टायको व गेब तेथें 'स्टार्टलिंग डेव्हलपमेंट्स' नांवाची गुप्तहेर कचेरी चालवितात. टायकोचें नांव सोळाव्या शतकांतील डॅनिश ज्योतिर्विदाचें आहे. तो पुस्तकी, शब्दबंबाळ, आणि अमंगळ विद्यांत मुरलेला. गेब हा मुठींनीं विचार करणारा गडी. पहिल्या भागाच्या आरंभीं खेळणाऱ्याचें पात्र घरापुढील अंगण साफ करीत असतें, तोंच एक प्रचंड यंत्रमानव येऊन त्याचें घर पायाखालीं तुडवितो. हा यंत्रमानव मुळांत फळांचा रस काढण्याचें यंत्र असून त्याचें नांव या पृष्ठांवर छापण्यासारखें नाहीं. हातांत असलेला दांताळाच शस्त्र म्हणून उगारून आपण त्याच्या पाठीस लागतों, आणि वाटेंत या दोन गुप्तहेरांशीं गांठ पडते. पुढें मूकाभिनय करणाऱ्या नटांचा एक पंथ व त्यांचें मौनाचें दैवत यांच्यापर्यंत मजल जाते.

यावरून विडंबनाची दिशा ध्यानांत येईल. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकानें त्याच काळांत, म्हणजे १९२० च्या दशकांत, अनादि व अनाम दैवतांच्या भयकथा लिहिल्या. त्यांची विशेषणांनीं लादलेली, घाबरलेली भाषा होल्किन्सना मनापासून आवडते, आणि जें आवडतें त्याचेंच विडंबन उत्तम साधतें. पहिल्या दोन भागांतील गल्लींतल्या कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलें तरी त्या डब्याविषयीं दोन-तीन ठसकेबाज वाक्यें वाचावयास मिळतात. यांतील कांहीं वाक्यें खरोखरच सुंदर आहेत. परंतु तीं सर्व एकाच माणसाचीं आहेत. टायको बोलतो तसाच डबा बोलतो, आणि डबा बोलतो तसाच खलपुरुष. शिवाय या बोलण्यांत आपण विनोद करीत आहों याची जाणीव सतत जागी असते. आपल्याकडील चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांचें उदाहरण घ्या. चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडीहि एक कारकुनी पिंडाचा व एक अंगापिंडानें दांडगा अशीच आहे. पण चिमणराव आपल्या फजितीची हकीकत अगदीं गंभीरपणें सांगतात. आपण हास्यास्पद आहों हें त्यांस पुरतें ठाऊक नसतें, आणि म्हणूनच तें आपणांस दिसतें. टायको मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटीं वाचकाकडे पाहून डोळा मिचकावतो. दहा मिनिटें हें गोड वाटतें. चार तासांनीं डोळ्यास कांहीं विकार तर जडला नाहीं ना, अशी शंका येते.

पहिल्या दोन भागांतील दुसरा दोष लढाईच्या रचनेंत आहे, आणि तो विनोदाच्या दृष्टीनें अधिक मूलगामी आहे. तेथें प्रत्येक पात्राच्या चित्राशेजारीं कांहीं पट्ट्या असतात. काळ जाईल तशा त्या भरत जातात. आधीं औषधादि वस्तु वापरण्याची, मग साध्या प्रहाराची, आणि सर्वांत शेवटीं विशेष प्रहाराची सोय होते. शत्रु मात्र आपल्यासाठीं थांबत नाहीं. त्याचा वार चुकविण्यासाठीं नेमक्या क्षणीं कळ दाबावी लागते. हात व डोळे अशा रीतीनें गुंतलेले असतांना समोर कोण उभें आहे याची गंमत घेण्यास सवड उरत नाहीं. विनोदाचा निम्मा प्राण वेळेंत असतो. रंगभूमीवर ती वेळ नट सांभाळतो. पुस्तकांत लेखक ती वाक्याच्या लांबीनें राखतो. खेळांत घड्याळ लेखकाच्या हातून निसटलेलें असतें. हॉटहेडच्या मंडळींनीं या अडचणीवर काढलेला उपाय म्हणजे विनोद एका खोलींत व लढाई दुसऱ्या खोलींत ठेवणें. संवाद संपला कीं लढाई, लढाई संपली कीं संवाद. रॉन गिल्बर्ट यांच्यासारख्या विनोदी खेळांच्या नामवंत कर्त्याचा सल्ला लाभूनहि या दोन खोल्यांमधली भिंत पडली नाहीं. लढाई ही दोन विनोदांच्या मधली जकात होऊन बसली.

मग मालिका खुंटली. हॉटहेडनें तिसऱ्या भागाचें काम सोडून दिलें, आणि २०१० सालीं होल्किन्सनीं पुढील कथा गद्यरूपानें आपल्या संकेतस्थळावर देण्यास आरंभ केला. म्हणजे विनोद केवळ शब्दांतच असता, तर मालिकेचें काम तेथेंच भागलें असतें. परंतु पुढें तें काम रॉबर्ट बॉइड व बिल स्टीर्नबर्ग या जोडीच्या झीबॉइड गेम्सकडे गेलें. 'थुलू सेव्ह्ज द वर्ल्ड' हा त्यांचा आधींचा खेळ लव्हक्राफ्टच्याच दैवताला जगाच्या उद्धाराचें काम लावणारा होता. तेव्हां ते या घरीं परके नव्हते. त्यांनीं पहिल्या दोन भागांतील त्रिमिति देखावे व व्यंगचित्रासारखा रंगढंग टाकून दिला, आणि १९९० च्या सुमारास जपानांत जे रोल-प्लेइंग खेळ निघत, त्यांच्यासारखीं लहान चौकटी-चौकटींचीं चित्रें घेतलीं. पहिला भाग सुमारें २० डॉलरांस मिळे. तिसऱ्याची किंमत ५ डॉलर ठेवण्यांत आली. या स्वस्ताईकडे पाहून कित्येकांस हा भाग मूळ मालिकेचा गरीब नातेवाईक वाटला असल्यास नवल नाहीं. आमचें मत याच्या उलट आहे.

तिसऱ्या भागांत लेखकाची भाषा बदललेली नाहीं. होल्किन्स तेच आहेत, आणि त्यांचा डोळा मिचकावण्याचा छंदहि तोच आहे. बदलले आहेत ते नियम. हा बदल समजण्यासाठीं मूळ जपानी खेळांची एक प्रथा ध्यानांत घेतली पाहिजे. १९९२ च्या 'फायनल फँटसी ५' सारख्या खेळांत प्रत्येक पात्राला एक पेशा देतां येतो, तो बदलतां येतो, आणि एका पेशांतील विद्या दुसऱ्यास जोडतां येते. योद्धा, चोर, शुभ्र जादूगार, कृष्ण जादूगार असे ते पेशे असतात, आणि खेळणारे लोक त्यांच्या मिश्रणाचा विचार वैद्य जसा मात्रांच्या मिश्रणाचा करतो तितक्याच गांभीर्यानें करतात. झीबॉइडनें ही प्रथा तंतोतंत उचलली. प्रत्येक पात्राला स्वतःचा मूळ पेशा असतोच. त्यावर छातीला बिल्ला लावावा तसे आणखी दोन पेशे लावतां येतात. मात्र हे पेशे कोणते, तें पाहा. एक आहे 'डायनोसॉर्सरर', म्हणजे डायनोसॉरचें रूप घेणारा जादूगार. दुसरा 'ट्यूब सामुराई', म्हणजे पुठ्ठ्याच्या नळकांड्यालाच तलवार मानून जपानी वीराच्या ऐटींत पवित्रे बदलणारा. तिसरा 'होबो', म्हणजे चक्क रस्त्यावरचा भणंग भटक्या. 'क्रॅबोमॅन्सर' हा खेकड्यांचा मांत्रिक, आणि 'अपॉकॅलिप्ट' हा प्रलयाचा उपासक.

नुसत्या यादीवरून हा पुन्हां शब्दांचाच खेळ वाटेल. तसा तो नाहीं, आणि या भागाचें सारें यश त्या एका गोष्टींत आहे. हे पेशे काम करतात. खेळ त्यांच्याकडे पाहून हंसत नाहीं. ट्यूब सामुराईनें आक्रमक पवित्रा घ्यावा कीं बचावाचा, हा प्रश्न खरा असतो. चुकल्यास पात्र मरतें. भणंगाची विद्या शत्रूस हळूहळू पोखरीत जाते, तेव्हां ती लढाईच्या आरंभींच योजावी लागते. पांडित्यानें फुगलेल्या टायकोला भणंगाचा बिल्ला द्यावा कीं खेकड्यांच्या मांत्रिकाचा, याचा आम्हीं एका रात्रीं बराच वेळ, कपाळाला आंठ्या घालून विचार केला. मग आपण कशाचा विचार करीत आहों हें एकदम ध्यानांत आलें, आणि आम्हांस हंसूं आवरेना. त्या क्षणीं पडद्यावर एकहि विनोदी वाक्य नव्हतें. विनोद लेखकानें सांगितला नव्हता. तो आमच्याच गांभीर्यांतून निघाला होता. चिमणरावांचें जें गांभीर्य, तें येथें आमच्याकडे आलें होतें. शब्द डोळा मिचकावूं शकतो. नियमाला तें करतां येत नाहीं. नियम कितीहि वेडगळ असला तरी तो न्यायाधीशासारखा तोंड गंभीर ठेवूनच लागू होतो, आणि विनोदी लेखकाला हवा असतो तो हाच निर्विकार चेहरा.

लढाईची वेळहि याच हातांनीं सुधारली आहे. पडद्याच्या वरच्या बाजूस एक पट्टी असते. तिच्यावरून मित्र व शत्रु यांच्या मुद्रा पुढें सरकत असतात. कोणाची पाळी केव्हां येणार हें सर्वांस दिसतें, आणि नेमका प्रहार करून शत्रूची मुद्रा मागें ढकलतां येते. आपली पाळी आली कीं काळ थांबतो. समोरच्या विचित्र शत्रूकडे निवांत पाहावें, त्याचें वर्णन वाचावें, मग काय तें ठरवावें. प्रत्येक लढाईनंतर पात्रें पूर्ववत् धडधाकट होतात व खर्चलेल्या वस्तु परत मिळतात. लढाईच्या आरंभीं मंत्रशक्ति जवळजवळ नसते. ती प्रत्येक पाळीला थोडी-थोडी वाढते. उलट, प्रत्येक पाळीगणिक शत्रूहि अधिक बलवान् होत जातो. म्हणजे वाट पाहिली तर आपला मोठा मंत्र हातीं येतो, आणि फार वाट पाहिली तर शत्रु आवरत नाहीं. वाट किती पाहावी, हा विनोद सांगणाऱ्याचाच प्रश्न नव्हे काय? झीबॉइडनें हरवलेलें घड्याळ लेखकाच्या हातीं परत दिलें नाहीं. तें खेळणाऱ्याच्या हातीं सोपवून त्यालाच ठेका शिकविला. लढाई व विनोद यांमधली भिंत त्यामुळें पडली.

या गुणांबरोबर या भागांत एक उणीवहि आहे, आणि ती लहान नाहीं. पहिल्या दोन भागांत खेळणारा आपलें पात्र स्वतः घडवीत असे. चेहरा, केस, पोशाख व नांव आपण निवडावें, आणि मग क्राहुलिक यांच्या शैलींतील चित्रकथेच्या चौकटींत तेंच पात्र टायको व गेब यांच्या शेजारीं उभें असलेलें पाहावें, यांत एक बालसुलभ आनंद होता. दुसऱ्या भागांत तें पात्र पुढें नेतांहि येत असे. तिसऱ्या भागांत तें नाहीं. त्याच्या जागीं टायकोची घटस्फोटित पत्नी मोइरा आणि बरणींत ठेवलेली जिम नांवाची कवटी असे सोबती येतात. मोइरा हें मालिकेंतील सर्वांत जिवंत स्त्रीपात्र आहे, आणि कवटीहि आपल्या परीनें बरी आहे. तरी ज्याचें घर पहिल्या प्रसंगांत तुडविलें गेलें, जो दांताळा घेऊन या कथेंत शिरला, त्याचें काय झालें, असें विचारण्याचा अधिकार वाचकास आहे. खंडशः प्रसिद्ध होणारी कथा ही वाचकाशीं केलेला करार असते. आपल्या जुन्या मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्या वाचलेल्यांस हा करार मोडल्याचें दुःख समजावून सांगावयास नको. येथें चार वर्षांचा खंड पडला हें क्षम्य आहे. कर्ते बदलले हेंहि क्षम्य आहे. परंतु कथेंतील वाचकाची खुर्ची मुकाट्यानें उचलून नेली, हें आम्हांस खटकलें.

ग्राम्यतेविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. फळांच्या रसयंत्राचा उल्लेख वर आला आहे. त्या जातीचा विनोद सर्व भागांत आहे. आम्ही सोंवळे नाहीं, आणि विनोदांत शरीराला मज्जाव करावा असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु शिवी पहिल्यांदा ऐकतांना जो धक्का बसतो, त्याच्यावरच जो विनोद जगतो, तो दुसऱ्या वेळीं जगत नाहीं. शिवाय कित्येक ठिकाणीं थट्टा मूळ चित्रकथेच्या नित्य वाचकांसाठींच आहे. पुठ्ठ्याचें नळकांडेंहि मूळ तेथलेंच आहे. तथापि त्याचा पवित्रा लढाईंत वापरणाऱ्यास मूळ चित्र पाहिलेलें नसलें तरी चालतें, आणि घरगुती थट्टा सार्वजनिक कशी करावी याचा हा एक धडाच आहे.

शेवटीं या भागाच्या गंभीर बाजूकडे वळूं. एका अमंगळ ग्रंथाच्या चोरीपासून निघालेली ही हेरकथा हळूहळू टायकोच्या कुळाच्या हेतूपर्यंत येते, आणि हा गृहस्थ जगाला वांचविण्यासाठीं झटत आहे कीं जगाचा अंत व्हावा म्हणून, याचा संशय वाटूं लागतो. ज्याला आपण दोन भाग वाचाळ विदूषक समजत आलों, त्याच्या वाचाळपणामागें एवढा काळोख होता, हें कळल्यावर मागील कित्येक वाक्यें निराळीं ऐकूं येतात. विनोदी लेखकानें अखेरीस गंभीर होणें हें पुष्कळदां वाचकाची सहानुभूति उसनी मागण्यासारखें असतें. येथें तसें वाटत नाहीं, कारण नियमांच्या पातळीवर हा भाग आरंभापासूनच गंभीर होता. जें पात्र मरूं शकतें व ज्याच्या मरणाची काळजी आपण वीस-पंचवीस लढायांत वाहिली, त्याच्या हेतूविषयीं आपणांस खरीखुरी चिंता वाटते. हॉटहेडच्या दोन भागांतून ही चिंता निर्माण झाली नसती, असें आम्हांस वाटतें.

चौथ्या भागाशीं तुलना केल्यास हें मत अधिक दृढ होतें. तेथें जग नष्ट झालेलें असून कथा 'अंडरहेल' नांवाच्या पाताळाखालच्या पाताळांत घडते. पेशांचे बिल्ले गेले. त्यांच्या जागीं विचित्र प्राण्यांची भरती करून त्यांच्याकडून लढाई करवावयाची. रचना अधिक मोठी व सफाईदार आहे. परंतु पाताळांतील प्राणी विचित्र असणार हें वाचकाला अपेक्षितच असतें. खेकड्यांच्या मांत्रिकाचा बिल्ला लावून वावरणारा विद्वान् हा अपेक्षित नसतो. तिसऱ्या भागांत दोन न जुळणाऱ्या गोष्टी एका नियमानें एकत्र बांधल्या होत्या. चौथ्यांत विचित्राला विचित्राचीच जोड मिळाली, आणि त्या मानानें हंसूं कमी आलें.

ज्यांस या मालिकेकडे वळावयाचें आहे, पण चारहि भागांस सवड नाहीं, त्यांनीं पहिल्या भागाचा आरंभ पाहावा, घर तुडविलें जाईपर्यंत पात्राला आपलें नांव देऊन ठेवावें, आणि मग तिसरा भाग संपूर्ण खेळावा. दुसरा भाग गाळला तरी कथेचा धागा हातांत राहतो. चौथा भाग, तिसऱ्यानें लावलेली चिंता स्वस्थ बसूं देईना, तरच घ्यावा. आमच्यापुरतें बोलावयाचें तर तिनें आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं.